अतिवृष्टी : दोष आभाळाचा की जमिनीचा?

अतिवृष्टीने हाहाकार उडाला की आपल्याकडे दोन पक्ष हमखास समोरासमोर उभे राहतात. एक म्हणतो, हा हवामानबदलाचा प्रकोप. त्यापुढे मनुष्याचे काय चालणार? दुसरा म्हणतो, पाऊस पूर्वीही असाच पडत असे. बुजविलेले नाले आणि खाडीत टाकलेला भराव हेच खरे कारण. चार दिवस वाद रंगतो आणि पाणी ओसरले की तोही ओसरतो. आम्हांला या वादाची मांडणीच फसवी वाटते, कारण तिच्यात दोन्हीकडच्या जबाबदार मंडळींना सुटकेची वाट मिळते.

२६ जुलै २००५ चे उदाहरण घ्या. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तर कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, तेही समुद्राला ओहोटी असेल तर. असा पाऊस कोणत्याही गटाराला पेलला नसता हे खरे. परंतु मिठी नदीचे पात्र आक्रमणांनी आवळले गेले नसते, तर पाणी इतके चढले नसते व इतका वेळ तुंबलेही नसते, हेही तितकेच खरे.

‘पूर्वीही असाच पडत असे’ हे म्हणणे मात्र आता टिकत नाही. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. विशेष म्हणजे त्याच काळात तेथील मोसमी पावसाची एकूण बेरीज घटत होती. म्हणजे पाऊस कमी, पण जेव्हा येतो तेव्हा एकदम.

दिवंगत परमगुरू पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ परिपत्रकानंतर ४ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘लाऊदाते देऊम’ हे पत्र काढले, त्यात ह्याबाबत मोठे तारतम्य दिसते. प्रत्येक आपत्ती सरसकट हवामानबदलाच्या माथी मारता येत नाही, हे ते मान्य करतात. मात्र मानवनिर्मित बदलांमुळे अशा घटनांची शक्यता व तीव्रता वाढते आहे, हे ते निःसंदिग्धपणे सांगतात. हा खुलासा करावा लागतो, कारण विषय उडवून लावणारी मते कॅथलिक ख्रिस्तसभेतही आढळतात, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. हे वाक्य आपल्या बाकांवर बसून ऐकण्यासारखे आहे.

केरळचा अनुभव येथे बोलका आहे. डॉ. माधव गाडगीळ ह्यांच्या समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर केला. सरकारने तो कित्येक महिने दडवून ठेवला आणि ती पोकळी अफवांनी भरून काढली. आपल्या जमिनी जाणार, या भीतीने डोंगराळ भागातील शेतकरी रस्त्यावर आले. इडुक्की, तामरश्शेरी येथील धर्मप्रांत आणि धर्मगुरू त्या आंदोलनात आघाडीवर होते. पिढ्यान्‌पिढ्या कष्टाने जमीन कसणाऱ्यांची ती भीती खोटी नव्हती, हे आम्ही मानतो. परंतु त्या गदारोळाचा लाभ दगडखाणवाल्यांनाही झाला, हे विसरून कसे चालेल? समितीने वायनाडमधील वैतिरी तालुका सर्वाधिक संवेदनशील श्रेणीत घातला होता. ३० जुलै २०२४ च्या पहाटे त्याच तालुक्यात दरड कोसळून अडीचशेहून अधिक माणसे गेली. तापमानवाढीमुळे त्या दिवसाचा पाऊस सुमारे १० टक्क्यांनी अधिक होता, असे शास्त्रज्ञांनी पुढे काढले. दुसऱ्याच दिवशी केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा आणखी एक मसुदा प्रसिद्ध केला. पहिला २०१४ साली निघाला होता!

आपल्या वसईत चित्र काहीसे वेगळे होते. येथे हिरवा पट्टा वाचविण्यासाठी दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्यासारखे धर्मगुरू लोकांबरोबर उभे राहिले. तरीही जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसचे दिवस पाण्याखाली होते. रेल्वे ठप्प, वीज बंद आणि मिठागराच्या वस्तीतील माणसे अडकलेली. पाऊस प्रचंड होता, यात शंका नाही. पण ज्या सखल जमिनीत, ज्या बावखलांत ते पाणी पूर्वी विसावत असे, त्यांतील कितीतरी बुजली होती. भराव टाकणारा बाहेरचा असेल, वाडी विकणारा पुष्कळदा आपल्याच धर्मग्रामातील असतो. तेव्हा हवामानबदलाकडे बोट दाखविणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारताना आपला आवाज थोडा चाचरतो.

त्या पुरानंतर महापालिकेने ‘नीरी’ व मुंबईच्या आयआयटीतील तज्ज्ञांकडून पाहणी करून घेतली. त्यांनी सुचविलेल्या उपायांत धारण तलाव होते : पावसाचे पाणी साठवून ओहोटीला हळूहळू खाडीत सोडायचे. आपले पूर्वज कोणत्याही अहवालावाचून वाडीवाडीत हेच खणून गेले होते, आणि त्याला बावखल म्हणत होते.