शेतीयंत्रांची खरेदी व व्यापाऱ्याचा हिशेब

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि इंदूरच्या छावणी मंडीत गेलेली पंचेचाळीस वर्षे, एवढ्या भांडवलावर लेखक होता येत नाही. तथापि आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या घरी देवास, उज्जैन, धार या बाजूंस शेती आहे, आणि अलीकडे दुकानातील पैसा यंत्रांच्या रूपाने त्या शेतीकडे वाहू लागला आहे. त्याविषयी माझे मत घरचे नुकसान सोसून बनलेले आहे. सबब ते मांडण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजतो.

माझ्या थोरल्या बंधूंकडे देवास बाजूस भावाभावांची खाती मिळून ऐंशी एकर व खंडाने घेतलेली वीस एकर, अशी शंभर एकर जमीन वाहिली जाते. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू. २०२० साली पुतण्याने गहू व सोयाबीन दोन्ही कापील व मळील असा हार्वेस्टर कर्जाने घ्यावयाचे ठरविले. विक्रेत्याने सहामाही हप्त्याचा आकडा तेवढा कागदावर लिहून दिला होता. मी शंका काढली तेव्हा पुतण्या म्हणाला, “काका, हप्ता तर शेजाऱ्यांच्या भाड्यातूनच निघेल.” मंडीत एका पोत्यामागे किती कांटछाट होईल ते मी तोंडी सांगतो, पण त्या दिवशी हिशेब न मांडता मी जामीन म्हणून सही केली. दोष विक्रेत्याचा म्हणावा तर त्याने खोटे असे काहीच सांगितले नव्हते.

पुढे व्हावयाचे तेच झाले. हप्ता भरावयाचा म्हणून यंत्र गावोगाव भाड्याने फिरू लागले. २०२३ च्या मार्चमध्ये अवकाळी पाऊस व गारा आल्या त्या दिवशी आमचा हार्वेस्टर आठ कोसांवर दुसऱ्याच्या शेतात होता, आणि आमचा स्वतःचा गहू पिकून उभा होता. ज्याच्यासाठी यंत्र घेतले त्याच्याच कामी ते आले नाही. त्या गव्हाचे ढीग माझ्याच दुकानासमोर पडले. दाण्याची चकाकी गेलेली, रंग उतरलेला. लिलावात घरच्या मालाची बोली खाली जाताना ऐकणे किती जड जाते, हे आडत करणारांस सांगणे नलगे.

आता जो हिशेब तेव्हा मांडावयास हवा होता तो येथे मांडतो. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालावे.

प्रथम दिवस मोजावे, रुपये नंतर. चौदा फूट रुंद पात्याचा हार्वेस्टर ताशी चार किलोमीटर चालला तर कागदावर तासाला सव्वाचार एकर होतात. वळणे, धान्य रिकामे करणे, अडलेली काडी काढणे यांत तिसरा हिस्सा वेळ जातो. हाती पावणेतीन एकरांच्या आसपास राहतात. सकाळचे दंव उडाल्यावाचून कापणी नीट होत नाही, म्हणून दिवसाचे आठ तास धरा. दिवसाला वीस एकर. म्हणजे शंभर एकर गहू पाच दिवसांत व सोयाबीन पाच दिवसांत संपते, आणि उरलेले ३५५ दिवस यंत्र छपराखाली उभे. अशी दुकानाची जागा कोणी व्यापारी घेईल काय?

यंत्राची किंमत २४ लाख धरू. दहा वर्षांनी दहावा हिस्सा हाती आला तर घसारा वर्षाला २,१६,०००. सुरुवातीची व शेवटची किंमत यांच्या मध्यावर, म्हणजे १३,२०,००० वर, दहा टक्क्यांनी व्याज १,३२,०००. पैसा घरचा असला तरी व्याज धरावेच. दुकानात गुंतविला असता तर तो काही फुकट बसला नसता. विमा, छप्पर इत्यादींचे ४८,०००. एकूण ३,९६,००० रुपये यंत्र जागचे न हलता लागतात. दोन्ही हंगामांचे मिळून दोनशे एकर काम असेल तर एकरी १,९८० झाले. त्यात डिझेल, चालक व दुरुस्तीचे ८०० मिळवा म्हणजे २,७८०. भाड्याचा दर १,६०० असेल तर स्वतःचे यंत्र एकरी १,१८० रुपयांनी महाग पडले. दोन्ही बाजू समान होण्यास वर्षाकाठी सुमारे ४९५ एकर कापणी लागते, म्हणजे दोन पिकांची अडीचशे एकर जमीन. हप्त्याच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही.

पुतण्याचा युक्तिवाद मी अगदीच टाकाऊ मानीत नाही. वर्षाचे हे जादा २,३६,००० म्हणजे क्विंटलला २,४०० या भावाने ९८ क्विंटल गहू. वेळेवर कापणी झाल्याने दरसाल एकरी एक क्विंटल वाचत असेल तर खर्च भरून आला. परंतु गारपीट दरसाल एकाच शिवारावर येत नाही, आणि लवकर व उशिरा पिकणारे दोन वाण पेरले तर कापणीची घाई निम्मी होते. त्याला यंत्र लागत नाही.

माझ्या मते विकत काय घ्यावे व भाड्याने काय आणावे याची कसोटी किमतीत नाही. ज्या यंत्राची गरज सगळ्या पंचक्रोशीला एकाच दिवशी पडते ते घरचे असावे. मृगाच्या पावसानंतर आमच्या काळ्या जमिनीला वापसा येतो तो तीन-चार दिवसांचा. पुन्हा झड लागली की बैलही शेतात जात नाही, ट्रॅक्टर तर दूरच. त्या दिवसांत पेरणीयंत्र कोणी कोणास देत नाही. अठरा इंचांवर नऊ ओळी पेरणारे यंत्रही जवळजवळ हार्वेस्टरच्या पात्याएवढ्याच रुंदीचे, म्हणजे दिवसाचे काम तेच वीस एकर. तेव्हा शंभर एकरांस दोन पेरणीयंत्रे व दोन मध्यम ट्रॅक्टर हवेतच. एक पेरणीयंत्र हार्वेस्टरच्या किमतीच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास बसते. आमच्या घरी मात्र हार्वेस्टर आला आणि पेरणीयंत्र एकच, तेही जुने, राहिले!

गव्हाचे याउलट आहे. माळव्यातील गहू मार्चमध्ये पिकतो आणि पंजाबचा एप्रिलमध्ये, म्हणून तिकडील हार्वेस्टर आधी इकडे येतात व पिकाच्या मागोमाग उत्तरेकडे सरकतात. सोयाबीनच्या वेळी पंजाबात भाताची कापणी चालू असते, त्यामुळे यंत्रांची ओढाताण होते. तेथे आगाऊ रक्कम देऊन लेखी ठरविणे चांगले.

मोठ्या यंत्राचा मोह आमच्या भागात जुना आहे. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने कास गवताने खाल्लेल्या मध्य भारतातील व भोपाळकडील जमिनी अवजड ट्रॅक्टरांनी खोल नांगरून काढल्या. १९४९ साली जागतिक बँकेचे कर्जही त्याकरिता मिळाले होते. वडील त्या यंत्रांचे वर्णन हत्तींचे करावे तसे करीत. पण ते काम लाखो एकरांचे होते.

निवडीविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. नर्मदाकाठी बुधनी येथे केंद्र सरकारची १९५५ पासूनची संस्था आहे. तेथे ट्रॅक्टर व इतर यंत्रे तपासली जातात. विक्रेत्याकडून तपासणीचा अहवाल मागून घ्यावा आणि डिझेल किती लागले, दाणा किती सांडला, किती फुटला, हे तीन आकडे आधी पाहावे. यंत्राचा रंग आम्हांस दुकानावर दिसत नाही, फुटका दाणा दिसतो. गव्हाच्या वेगाने ड्रम फिरविला तर सोयाबीनची डाळ होते. बियाण्याचे तर साल दुखावून उगवणच जाते. चालकाला एकरावर पैसे मिळतात, म्हणून वेग कमी करावयास मालकाने स्वतः बांधावर उभे राहावे लागते.

आणखी एक खर्च वहीत चढत नाही तो भुशाचा. हार्वेस्टर वरून कापतो व खाली नरवाई उभी ठेवतो. ती पेटविण्यास शासनाची बंदी आहे; पेटविल्यास जमिनीचा कस जळतो आणि शेजारच्या उभ्या पिकास धोका, तो वेगळाच. भुसा करणारे यंत्र मागाहून फिरविले तर बराचसा भुसा हाती येतो, पण त्याचेही भाडे एकरी खर्चात धरले पाहिजे.

आमचा हार्वेस्टर २०२४ साली निम्म्याहून कमी किमतीस गेला. कर्जाची बाकी बंधूंनी व मी मिळून फेडली. त्या छपराखाली आता दुसरे पेरणीयंत्र व बारदान असते. भुसायंत्र विकत घ्यावे असे पुतण्याचे म्हणणे आहे, मला ते भाड्याचेच बरे वाटते. दिवाळीला वहीपूजनास येताना एकरांचा व दिवसांचा हिशेब लिहून आणीन, असे तो म्हणाला आहे.