ओव्यांच्या सीड्या आधी उतरवून घ्या



आपल्या शाळेच्या कपाटात नऊ सीड्या आहेत. सन २०१२ मध्ये शाळेने गावातल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून त्या भरल्या. त्यातल्या बऱ्याच आज्या आता नाहीत. माझी पणजीही त्यात आहे. मी तिला पाहिलेले नाही, फक्त ऐकले आहे. माझे मत असे आहे की या सीड्या याच महिन्यात दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

काही मोठी माणसे म्हणतात, "सीडी प्लास्टिकची, तिला काय धाड भरलीय?" प्लास्टिक टिकते हे खरे. पण ओव्या प्लास्टिकमध्ये नसतात. सिनेमाची सीडी विकत आणतो, तिच्यात कारखान्यातच ठसे दाबून उठवलेले असतात. आपण भरतो त्या कोऱ्या सीडीत मात्र रंगाचा एक पातळ थर असतो. लेसरचा किरण त्या रंगावर बारीक बारीक डाग पाडत जातो आणि वाजवताना यंत्र ते डाग वाचते. आता रंग म्हटला की तो विटणारच. साडी रोज कडक उन्हात वाळत घातली की कशी फिकी पडते, तसेच.

त्या रंगावर चांदीचा चकचकीत थर, आणि त्यावर नुसते वार्निश. म्हणजे सगळा माल नावाच्या बाजूला असतो. लोक खालची बाजू जपतात आणि वरच्या बाजूला बॉलपेनने दाबून नाव लिहितात! खालचा बारीक ओरखडा यंत्र पुष्कळदा सांभाळून घेते. सीडीत जादा आकडे भरलेले असतात, त्यावरून ते गाळलेल्या जागा भरते. पण वरची चांदी गेली तर भरायला काहीच उरत नाही. आमच्या ज्वारीत पाखरे हाकलायला दोन जुन्या सीड्या टांगल्या होत्या. एका हंगामात त्यांची चांदी सोलून निघाली आणि पलीकडचे दिसायला लागले. (टांगण्याआधी आत काय आहे ते कुणी बघितले होते की नाही, कोण जाणे.)

आमच्या वर्गातली मुले सीडीत किती मावते याचीच चर्चा करतात. एका सीडीत ७०० एमबी, म्हणजे ८० मिनिटे गाणे. डीव्हीडीत ४.७ जीबी आणि ब्लू-रेत २५ जीबी. तिन्ही १२ सेंटिमीटरच्याच, फक्त डाग आणखी बारीक आणि ओळी आणखी जवळजवळ. मी हिशेब केला. नऊ सीड्या भरलेल्या असतील तर १२ तास ओव्या झाल्या. त्या सगळ्या एका डीव्हीडीत मावत नाहीत, दोन लागतात. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये तर अशा पंचेचाळीस सीड्या बसतील. हिशेब करायला मजा येते. पण मला तरी किती मावते यापेक्षा किती दिवस वाचता येते हे मोठे वाटते.

आपली सहा नंबरची सीडी शेवटी शेवटी अडकते. सीडी आतून बाहेर भरत जाते, म्हणून शेवटच्या ओव्या काठाजवळ असतात आणि आपण हात तिथेच लावतो. त्या शेवटच्या ओव्या कुणाच्या, हे वहीत लिहिलेले नाही. याचे मला फार वाईट वाटते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सन २००३ मध्ये सीडी कशी जपावी याचे पुस्तकच काढले. सीडी काठाला व भोकाला धरावी, उभी ठेवावी, उन्हात ठेवू नये, तिच्यावर चिकटपट्टी लावू नये. आपल्या सीड्या आडव्या, एकावर एक, तेही पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात! उन्हाळ्यात त्या कपाटाला हात लावून बघा.

आणखी एक अडचण आहे. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची फटच नसते. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे बनवणेही बंद केले. म्हणजे उद्या सीडी चांगली राहिली आणि यंत्रच नाही, असेही होईल.

पेनड्राइव्हमध्ये घातले की झाले, असे काहीजण म्हणतील. मला ते पटत नाही. पेनड्राइव्हही बिघडतो आणि हरवतो तर लगेच. म्हणून एक प्रत शाळेत, दुसरी ग्रामपंचायतीत ठेवावी. उतरवल्यावर ती पूर्ण ऐकून बघावी, नुसते नाव दिसले म्हणून सोडू नये. ऐकता ऐकता चौथीच्या मुलींनी ओव्या वहीत लिहून काढाव्यात, बाराही तास. आम्ही तयार आहोत.

ज्या पालकांच्या घरी फट असलेला जुना संगणक असेल त्यांनी तो शनिवारी सकाळच्या शाळेला आणावा. दोन असतील तर फार बरे. एका यंत्रात न चालणारी सीडी कधी कधी दुसऱ्यात चालते, म्हणून सहा नंबरची दोन्हीत लावून बघता येईल. पण सुरुवात चांगल्या आठ सीड्यांपासून करावी. कपडा मी आणीन, सुती आणि धुतलेला.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी