माया बे : पाय बुडवा, पोहू नका!

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वॉलपेपर म्हणून जो बीच असतो ना, निळंशार पाणी, पांढरी वाळू, तिन्ही बाजूंनी सरळसोट कडे आणि माणूस एकही नाही... तसा बीच खरंच आहे, बॉस! थायलंडमध्ये, क्राबी प्रांतात, फी फी ले नावाच्या बेटावर. नाव माया बे. पूर्ण बेट नॅशनल पार्कात, वस्ती शून्य.

'माणूस एकही नाही' हा भाग मात्र मधली कित्येक वर्षं निव्वळ फोटोशॉप होता. त्याला कारण एक सिनेमा. डॅनी बॉइलचा 'द बीच', २००० साली आलेला. आपला 'टायटॅनिक'वाला लिओनार्दो त्यात हिरो. गोष्ट अशी की, काही भटक्या पोरापोरींना जगापासून लपलेला एक बीच सापडतो आणि तो लपलेलाच राहावा म्हणून ती काय वाट्टेल ते करतात. आणि झालं काय? सिनेमामुळेच जगाला पत्ता कळला! गंमत म्हणजे अ‍ॅलेक्स गार्लंडच्या मूळ कादंबरीतला बीच इथला नाहीच. तो थायलंडच्या दुसऱ्या बाजूला, आंग थाँगच्या मरीन पार्कात. पण शूटिंग इथे झालं. तेही वाळू बुलडोझरनं सपाट करून आणि बाहेरून आणलेले माड रोवून. म्हणजे देवानं केलेला बीच पुरेसा 'ट्रॉपिकल' वाटला नाही म्हणायचं! त्यावरचे कोर्टकज्जे पार २०२२ पर्यंत चालले.

२०१८ पर्यंत दिवसाला पाच-सहा हजार माणसं इथे उतरत होती. बीचची लांबी किती, तर जेमतेम अडीचशे मीटर. गणपतीच्या शेवटच्या रविवारचा लक्ष्मी रोड डोळ्यांपुढे आणा, फक्त बिकिनीत. स्पीडबोटी थेट वाळूला लागायच्या, नांगर प्रवाळावर पडायचे. त्यात सनस्क्रीनचा तवंग. शेवटी १ जून २०१८ ला सरकारनं बीच बंद केला. चार महिन्यांसाठी म्हणून केला आणि उघडला १ जानेवारी २०२२ ला. एवढा धंदा देणारी जागा साडेतीन वर्षं बंद ठेवायची म्हणजे खायचं काम नाही. आपल्याकडे कुणी करेल? मला शंका आहे.

त्या काळात डायव्हर्सनी खाली प्रवाळ लावले. आणि पाहुणे परतले. ब्लॅकटिप रीफ शार्क! पंखांची टोकं काळी, चण लहान, आपल्या मोरीची ऐटबाज चुलत बहीण म्हणा. त्यांची पिल्लं उथळ पाण्यात वाढतात, म्हणजे नेमकी तिथेच, जिथे आपल्याला डुंबायचं असतं.

म्हणून आता नियम कडक आहेत. बोट खाडीत येत नाही. बेटाच्या मागच्या बाजूला, लोह समाला उतरायचं आणि लाकडी वाटेनं झाडीतून चालत यायचं. एका वेळी जास्तीत जास्त ३७५ माणसं. पाण्यात गुडघ्यापर्यंतच. पुढे गेलात की गार्डची शिट्टी! "एवढे पैसे घालून गेलीस आणि पायच बुडवलेस?" हे मला परत आल्यावर किमान चौघांनी ऐकवलं. हो, पायच बुडवले. आणि घोट्याएवढ्या पाण्यातून हातभर लांबीचं एक शार्कचं पिल्लू मजेत निघून गेलं, ते काठावरूनच पाहिलं. स्विमिंग पूल तर सोसायटीतही आहे की!

पोहायचंच असेल तर त्याच बेटावर पिले लगून आहे. हिरव्या पाण्यात मनसोक्त डुंबा. मुक्काम शेजारच्या फी फी डॉनवर करा आणि सकाळची पहिली बोट पकडा. फुकेतहून निघणाऱ्या स्पीडबोटी यायच्या आत पोचलात, तर वॉलपेपरमधली शांतता थोडा वेळ तरी मिळते. सनस्क्रीन घेताना मागचं लेबल वाचा. ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट असलेली क्रीम थायलंडच्या नॅशनल पार्कांत २०२१ पासून बंद आहेत आणि दंड एक लाख बाटपर्यंत होऊ शकतो.

आणि हो, १५ ऑगस्टच्या लाँग वीकेंडला माया बेचा प्लॅन करत असाल, तर थांबा. २०२२ पासून दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बीच पूर्ण बंद ठेवतात. दिवाळीची सुट्टी टाका, तोवर तिकडचा पाऊसही ओसरत आलेला असतो.