सुरुवातीआधी काय होतं, बॉस?

विश्वाचा जन्म म्हणजे केवढा पसारा! पण शास्त्रज्ञही आपल्यासारखेच शॉर्टकट मारतात. तारे, आकाशगंगा, आपला रोजचा ट्रॅफिक, सगळं बाजूला ठेवायचं आणि विश्व सगळीकडे सारखंच मानायचं. १९२२ साली अलेक्झांडर फ्रीडमननं असंच करून विश्व फुगू शकतं, हे दाखवलं.

पण हेच गणित मागे नेलं की आकार शून्य, घनता अनंत आणि समीकरणं गप्प! तिथं क्वांटमचे नियम लावायला हवेत. लावायचे कसे? रस्ते अनेक, उत्तरं वेगवेगळी. आणि जाऊन बघायची तर सोयच नाही.

मला भावतं ते इथंच. २०१९मध्ये जिब्रिल बेन आशूर आणि एतेरा लिविन यांनी दाखवलं, की सपाट विश्व आणि त्यात एकच साधं क्षेत्र, एवढ्याशा मॉडेलमध्येही एक सिमेट्री लपून बसलीय. घड्याळाची चाल ठरावीक पद्धतीनं बदला, त्या हिशेबात आकारमानही बदला; भौतिकशास्त्र जसंच्या तसं! आकारमान, ऊर्जा आणि ताणलं जाणं, हे त्रिकूट आपसातच व्यवहार करतं. क्वांटम करताना हे नातं तोडायचं नाही, एवढं ठरवलं की मनमानीला चाप बसतो.

आपल्या शिरपूरमध्ये जन्मलेले अभय अष्टेकर आणि सहकाऱ्यांच्या २००६च्या गणितात महास्फोटाऐवजी उसळी निघाली होती: आधीचं विश्व आकसलं आणि पुन्हा फुगलं. सिमेट्री सांभाळूनही ती उसळी टिकते. पुरावा? अजून नाही. पण 'त्याआधी काय?' हा आता वेडगळ प्रश्न नाही. बिनधास्त विचारा!