घरे एकसारखी असावीत, दारे नव्हेत

मुंबईच्या बीडीडी चाळी म्हणजे एकसारख्या घरांची शंभर वर्षांची वस्ती. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, मधोमध बोळ, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. गिरणी कामगार असो की पोलीस शिपाई, वाट्याला तेवढीच जागा.

नवख्याला तिथे एक चाळ दुसरीपासून ओळखता येत नसे. रहिवाशाला मात्र घर शोधावे लागत नसे, कारण दारे वेगळी होती. एकीकडे सुकलेले आंब्याचे तोरण, दुसरीकडे पितळी पाटी, पुढे पाण्याचे निळे पिंप, त्याच्या शेजारी रोज नवी रांगोळी. दिवसभर दारे उघडी असल्याने कोणत्या घरात काय शिजते तेही बोळात कळे. चाळीचे हाल कमी नव्हते. सामाईक शौचालयापुढची रांग कोणालाही परत नको आहे.

म्हाडाच्या पुनर्विकासात या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचे मालकी हक्काचे घर मिळत असून वरळीत पहिल्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. क्षेत्रफळ सर्वांना सारखे, हे न्याय्यच आहे आणि त्यात फरक होता कामा नये. अडचण दाराबाहेर आहे. उंच इमारतीत लिफ्टचे दार कुठेही उघडले तरी समोर तीच फरशी, तोच रंग, तेच दार. सत्तरीतल्या माणसाने भलत्या मजल्यावर उतरून परक्या कुलपात किल्ली फिरवत राहावे, ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. त्यात अनेक सोसायट्या दाराबाहेर कुंडी, चपलांचे कपाट, वेगळ्या रंगाचे दार यांना मनाई करतात. आग लागली तर वाट मोकळी हवी, हे कारण खरे आहे. पण ते रंगाला लागू पडत नाही.

आराखड्यातच सोय केली तर समानता आणि वेगळेपण दोन्ही साधते, हे नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजने दाखवले आहे. १९८० च्या दशकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी तिथे सात-सात घरे एका अंगणाभोवती मांडली. घरांचे नमुने मोजकेच होते, पण शेजाऱ्याशी भिंत सामाईक नसल्याने प्रत्येकाला आपले घर वाढवता, बदलता येई. पुढे अनेकांनी मूळ घर पाडून नवे बांधले. काही वास्तुप्रेमींना त्याची हळहळ वाटते. खरे तर मूळ कल्पनेतच त्याला वाव होता.

चाळीस मजल्यांच्या इमारतीत अंगण देता येणार नाही. दाराशेजारी, ये-जा करण्याच्या रुंदीबाहेर, दीड फुटाचा कोनाडा मात्र देता येईल: कुंडी, दिवा, पाटी त्यात बसेल. प्रत्येक मजल्याला वेगळा रंग आणि लिफ्टसमोर हातभर उंचीचा आकडा, याला तर वेगळी जागाही लागत नाही. दाराचा रंग घरमालकावर सोडावा. शिवडीच्या १२ चाळी मुंबई बंदराच्या जमिनीवर असल्याने पुनर्विकासात मागे राहिल्या आहेत. निदान तिथला नकाशा काढताना हा कोनाडा पहिल्या रेघेपासून धरावा.

— एक वाचक, मुंबई