वाचनाचा नेम

शिक्षण पुरे झाले, संसार मागे लागला आणि वाचन सुटले, ही तक्रार सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकू येते. तक्रार करणारास वाचावयास सवड नाही असे म्हणावे, तर वर्तमानपत्र, कचेरीतील कागद आणि मोबाईलवरील निरोप तो दिवसभर वाचीतच असतो. गेली आहे ती एका ग्रंथापाशी अर्धा तास स्वस्थ बसण्याची सवय. ही सवय नुसत्या उत्साहाने परत यावयाची नाही. तीस नेमच पाहिजे.

हा नेम शोधण्यास दूर जावयास नको. पोथीवाचनाची जी रीत आपल्या घरांत चालत आली, तीत तो आयताच आहे. पोथीची जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि मापही ठरलेले. दासबोधाचे दशक 20 आणि प्रत्येक दशकाचे समास 10, मिळून 200 समास. रोज एकच समास वाचला, तरी सात महिन्यांच्या आत ग्रंथ पुरा होतो. एका बैठकीत दहा समास उरकावयाचे आणि पुढे आठ दिवस खाडा करावयाचा, असे पोथी वाचणारा करीत नसे.

लौकिक ग्रंथांसही हाच हिशेब लागू आहे. रोज दहा पाने वाचली, तर महिन्यास 300 पाने, म्हणजे एक मध्यम आकाराची कादंबरी सहज होते. हरिभाऊ आपटे यांनी 1890 साली 'करमणूक' पत्र काढले आणि त्यातूनच 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. एवढी मोठी कादंबरी त्या वेळच्या वाचकांनी थोडथोडीच वाचली.

आरंभीच्या ग्रंथाची निवडही विचाराने करावी. पुष्कळ प्रौढ गृहस्थ आपल्या पदवीस शोभेल असा जड ग्रंथ प्रथम हाती घेतात आणि चौथ्या दिवशी तो फडताळात जातो. पूर्वी आवडलेले एखादे चरित्र, प्रवासवर्णन किंवा कथासंग्रह पुन्हा वाचण्यात कमीपणा नाही. पन्नास पानांनंतरही गोडी लागली नाही, तर पुस्तक खुशाल बदलावे. नेम मात्र मोडू नये.

तथापि पोथीस एक मान असे, तो पुस्तकास अद्याप मिळालेला नाही. सासूबाई पोथीस बसल्या की त्यांस कोणी हाक मारीत नसे. सूनबाई कादंबरी घेऊन बसल्या की मात्र चहाची आठवण सर्वांना एकदम होते! न्यायमूर्ती रानडे यांच्याशी 1873 साली विवाह झाल्यानंतर रमाबाई लिहावयास-वाचावयास शिकल्या, तेव्हा घरातील वडील स्त्रियांचा रोष त्यांना सोसावा लागला. 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी तो नमूद केला आहे. आज असा उघड विरोध कोणी करीत नाही. परंतु वाचणाऱ्या स्त्रीस रिकामी समजणे हाही विरोधच होय, आणि तो अधिक चिवट, कारण करणारास तो दिसत नाही. ज्या घरात दर पाच मिनिटांनी पुस्तक मिटावे लागते, तेथे दहा पानांचा नेमही टिकणे कठीण.

यास्तव हा नेम एकट्यादुकट्याने न करता सर्व घराने करावा. रात्रीच्या जेवणानंतर स्वयंपाकघरातील आवराआवर सर्वांनी हातोहात उरकावी, मोबाईल एका फळीवर ठेवावेत आणि अर्धा तास ज्याने त्याने आपापले पुस्तक घेऊन बसावे. ज्या वडिलांची दृष्टी मंदावली असेल, त्यांच्यापाशी नातवाने बसून मोठ्याने वाचावे. त्या अर्ध्या तासात कोणी कोणास काम सांगू नये, एवढी एक गोष्ट घरातील कर्त्या माणसांनी कटाक्षाने पाळावी. मुलांस 'वाचा' म्हणून सांगण्याची निराळी गरज मग बहुधा पडणार नाही.