संगणकही मापाने शिवून घ्यावा



दुसऱ्याचा चष्मा लावू नये आणि दुसऱ्याचे औषध घेऊ नये, हे आपण सारे जाणतो. घरातील संगणक मात्र मुलाने किंवा नातवाने ज्या स्थितीत टेबलावर मांडून दिला, त्याच स्थितीत वर्षानुवर्षे वापरला जातो. तिशीतल्या डोळ्यांना आणि चपळ बोटांना मानवणारी ती मांडणी सत्तरीतल्या शरीराला सोसत नाही. मान आखडते, डोळे चुरचुरतात आणि ‘आता हे आपल्याच्याने होणार नाही’ असा निष्कर्ष निघतो. हा दोष वयाचा नव्हे, मापाचा आहे. बहुतेक दुरुस्त्या त्याच यंत्रात विनामूल्य उपलब्ध असतात. त्यांतल्या काही आज सांगतो. आणि कोणती अडचण संगणकात दुरुस्त करू नये, हेही सांगतो, कारण वैद्यकीय दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे.

मानेच्या दुखण्यासाठी येणाऱ्या ज्येष्ठांना मी एक प्रश्न हटकून विचारतो: पडद्याकडे पाहताना हनुवटी वर उचलावी लागते का? बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग खाली असतो. पडदा डोळ्यांच्या उंचीवर असला की त्या भागातून पाहण्यासाठी मान मागे झुकवावी लागते, आणि तासभर तशी राहिलेली मान संध्याकाळी बोलू लागते. अशा वेळी पडदा खाली घ्यावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीपेक्षा बरीच खाली असली तरी चालेल. त्याहून उत्तम उपाय म्हणजे डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून ते नेत्रतज्ज्ञांना सांगणे. तेवढ्याच अंतराचा स्वतंत्र चष्मा करून मिळतो.

आता अक्षरांविषयी. ब्राउझरमध्ये बातमी वाचताना ‘कंट्रोल’ दाबून धरून अधिकचे चिन्ह दाबले की अक्षर मोठे होते, वजाचे चिन्ह दाबले की लहान होते, आणि ‘कंट्रोल’बरोबर शून्य दाबले की सारे पूर्ववत होते. परंतु हा उपाय त्या पानापुरता. संपूर्ण संगणकाची अक्षरे मोठी करण्यासाठी खिडकीचे चिन्ह असलेली विंडोजची कळ आणि ‘यू’ एकत्र दाबावी. विंडोज ११मध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ हे दालन उघडते; विंडोज १०मध्ये त्यालाच ‘ईझ ऑफ ॲक्सेस’ म्हणतात. विंडोज ११मध्ये तेथील ‘टेक्स्ट साइझ’ची पट्टी सरकवून अक्षरे सव्वादोन पटींपर्यंत वाढवता येतात. माउसचा बाणही तेथेच मोठा आणि रंगीत करता येतो. तो शोधण्यात डोळ्यांचा किती शीण होतो, हे बाण मोठा केल्यावरच ध्यानात येते. क्वचित एखादाच बारीक मजकूर वाचायचा असेल, तर विंडोजची कळ आणि अधिकचे चिन्ह दाबावे, भिंग उघडते. विंडोजची कळ आणि ‘एस्केप’ दाबले की ते मिटते.

येथे एक इशारा. गेल्या वर्षी सव्वापट अक्षर पुरत होते आणि यंदा दुप्पट लागते, असे झाले असेल, तर पट्टी आणखी सरकवू नका. डोळे तपासून घ्या. पांढऱ्या पडद्याची तिरीप सहन होईनाशी होणे हे मोतीबिंदूचे लक्षण असू शकते. मधुमेह असणाऱ्यांनी तर ‘अक्षर मोठे केले, भागते आहे’ या समाधानावर मुळीच विसंबू नये. दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी व्हायलाच हवी. घरखर्चाचा तक्ता पडद्यावर उघडला की चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, त्याच्या उभ्याआडव्या रेषा पाहाव्यात. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याचे वैगुण्य झाकतो. एखाद्या डोळ्याला रेषा वाकड्या किंवा मधेच तुटलेल्या दिसल्या, तर दृष्टिपटलाचा मध्यभाग बिघडलेला असू शकतो. त्या आठवड्यातच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. थांबल्यास गेलेली दृष्टी परत मिळेलच असे नाही.

हातांची गोष्ट वेगळी. सांधे आखडलेल्या किंवा थरथरणाऱ्या बोटांना झटपट दोनदा क्लिक करणे जमत नाही. त्याची गरजही नाही. एकदा क्लिक करून ‘एंटर’ दाबले तरी फाइल उघडते. माउसचा वेग कमी केला की बाण पळत नाही. कळ दाबून शिफ्ट धरणे जड जात असेल, तर त्याच दालनातील कीबोर्डच्या भागात ‘स्टिकी कीज’ आहे. ती चालू केल्यावर दोन कळा एकाच वेळी धराव्या लागत नाहीत, एकामागून एक दाबल्या तरी चालते. तिच्या शेजारची ‘फिल्टर कीज’ थरथरत्या बोटाने चुकून लागलेले धक्के गाळून टाकते. मात्र उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबली गेली की हीच सोय चालू करण्याची विचारणा होते, आणि नकळत होकार दिला जातो. मग हलके दाबलेले अक्षर उमटतच नाही. कीबोर्ड बिघडला म्हणून नवा आणण्यापूर्वी ही सोय चालू झालेली नाही ना, एवढे पाहावे.

हळूहळू वाढलेली थरथर पुढील तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगावी. परंतु काल नीट टंकलेखन करणाऱ्या व्यक्तीच्या हातून आज अचानक निरर्थक अक्षरे उमटू लागली, माउस हातातून निसटू लागला, तर सेटिंग्ज उघडत बसू नये. हसायला सांगावे, दोन्ही हात वर करायला सांगावे, एखादे वाक्य बोलायला सांगावे. चेहरा एका बाजूस ओढला, हात खाली आला किंवा जीभ अडखळली, तर तो पक्षाघात समजून १०८ला दूरध्वनी करावा. या तिन्हींत दोष दिसला नाही तरी अचानक झालेला बदल त्याच दिवशी, विनाविलंब रुग्णालयात दाखवावा. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी.

कानांसाठी एक छोटी सोय फार थोड्यांना ठाऊक असते. एका कानाने कमी ऐकू येत असेल आणि आपण हेडफोन लावत असाल, तर ‘ऑडिओ’ विभागातील ‘मोनो ऑडिओ’ चालू करावा. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन चांगल्या कानाशी पूर्ण पोहोचतो. मात्र एक कान अचानक, एकदोन दिवसांत बंद पडला असेल, तर तो मळ असेल असे गृहीत न धरता लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावा. तेथील उपचारही लवकर सुरू झाले तरच गुण येण्याची शक्यता अधिक.

घरात संगणक एकच असेल, तर आजोबांच्या नावे स्वतंत्र यूजर अकाउंट उघडून द्यावे. नाही तर नातू अभ्यासाला बसला की मोठी अक्षरे लहान करतो, आणि आजोबा संकोचापोटी काही बोलत नाहीत.

शुश्रूषा करणाऱ्यांना माझी विनंती तपासण्यांच्या अहवालांविषयी आहे. प्रयोगशाळेकडून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या पीडीएफ फाइलींची नावे म्हणजे नुसते आकडे. मोबाइल बदलला की त्या गेल्या. संगणकावर प्रत्येक व्यक्तीचे एक फोल्डर करावे आणि फाइलीच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस आणि शेवटी तपासणीचे नाव लिहावे, उदाहरणार्थ ‘२०२५-०३-१४ क्रिएटिनिन’. अहवाल आपोआप तारखेनुसार लागतात. याचा उपयोग केवळ नीटनेटकेपणापुरता नाही. क्रिएटिनिन तीन वर्षांत १.० वरून १.१ आणि मग १.३ झाले, तर बहुतेक अहवालांत पुरुषांसाठी प्रत्येक आकडा मर्यादेच्या आतच दिसेल. परंतु तिन्ही शेजारी ठेवले की चढ दिसतो, आणि वेदनाशामक गोळ्या थांबवायच्या का, हा विचार वेळीच करता येतो. फोल्डरची प्रत महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्यावी.

याच फोल्डरात एक पान हवे: सध्याची औषधे त्यांच्या मात्रेसह, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, जुने आजार व शस्त्रक्रिया, आणि दोन नातलगांचे दूरध्वनी क्रमांक. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती सर्वांत वर, ठळक अक्षरांत. हे पान छापून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावे. रात्री दोन वाजता संगणकाचा पासवर्ड कोणाला आठवत नाही. गोळी बदलली की त्याच दिवशी पान बदलावे, खाली तारीख घालावी आणि जुने फाडून टाकावे.